शेतातला खोटा थवा

फेब्रुवारीतली सकाळ. हॅम्पशायरमधल्या एका अरुंद रस्त्याच्या कडेला गाडी लावून एक माणूस दुर्बिणीतून शेताकडे बघत बसलेला आहे. समोर रेपसीडचं रान. हे पीक मोहरीच्याच कुळातलं, पण एवढ्या थंडीत अजून वीतभरही वाढलेलं नाही. त्या हिरव्या रानाच्या उताराकडच्या कोपऱ्यात दोन-तीनशे राखाडी पाखरं माना खाली घालून चरताहेत. माणसाची बंदूक घरीच आहे. पाखरं कुठल्या दिशेने येतात, कुठल्या झाडावरून येतात, शेतात नेमकी कुठे उतरतात आणि एखादं कुत्रं भुंकल्यावर उठली तर कुठे जाऊन बसतात, एवढंच तो बघतो. तासभर बघतो, कधी दोन तास. मग पुढच्या शेताकडे जातो आणि तिथेही तेच करतो.

इंग्लंडमध्ये वूड पिजन नावाच्या रानकबुतराच्या शिकारीला अशी सुरुवात होते. या धंद्यातले जाणते लोक सांगतात की शिकारीचं अर्धं काम आदल्या दिवशीच होऊन जातं. मेजर आर्ची कोट्स हे या विद्येतलं सगळ्यात गाजलेलं नाव. सैन्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी हॅम्पशायरमध्ये शेतकऱ्यांच्या पिकांवरची कबुतरं मारणं हाच आपला व्यवसाय केला. जानेवारी १९६२ मधल्या एका दिवसात त्यांनी एकट्याने ५५० कबुतरं पाडली. १९६३ साली त्यांचं ‘पिजन शूटिंग’ हे पुस्तक आलं आणि आजही नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा तेच दिलं जातं. कोट्स यांचा भर नेमबाजीपेक्षा टेहळणीवर होता. पाखरांना जिथे जायचंच आहे तिथे त्यांच्या आधी जाऊन बसायचं, ही त्यांची रीत.

हे पाखरू आपल्या पारव्याच्याच घराण्यातलं, पण अंगापिंडाने बरंच थोराड. चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे ४० सेंटिमीटर लांब आणि वजनाने अर्ध्या किलोच्या आसपास. छातीवर वाइनसारखी गुलाबी झाक, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका आणि पंखांवर आडवा पांढरा पट्टा. बसलेलं असताना हा पट्टा जेमतेम दिसतो, पण पाखरू उडालं की लांबून लखलखतो. पुढे या पांढऱ्या पट्ट्याशीच सगळा खेळ आहे. पिल्लांच्या मानेवर पांढरा ठिपका नसतो, त्यामुळे यंदाचं पाखरू कोणतं आणि जुनं खोड कोणतं हे लगेच कळतं.

मराठी वाचकाला या पाखराची एक सख्खी नातलग जवळचीच आहे. सह्याद्रीच्या दाट जंगलात राहणाऱ्या निलगिरी वूड पिजनचं शास्त्रीय नाव ‘कोलंबा एल्फिन्स्टोनाय’. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या नावावरून कर्नल साइक्स यांनी १८३२ साली ते ठेवलं. दोन्ही पाखरं एकाच कुळातली, पण नशीब अगदी उलटं. सह्याद्रीतलं पाखरू रानातल्या फळांवर जगतं, जंगलाला धरून राहतं, आणि जंगल घटलं तसं तेही घटत गेलं. जागतिक यादीत आज त्याची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून आहे. इंग्लंडमधल्या पाखराने जंगल सोडून शेत धरलं आणि शेतीने त्याचं भलं केलं. ब्रिटनमध्ये आज वूड पिजनच्या सुमारे ५० लाख जोड्या वीण घालतात. १९७०च्या आसपासच्या तुलनेत ही संख्या दुपटीहून जास्त झाली आहे. लोक दर जानेवारीत आपापल्या बागेतली पाखरं मोजतात, त्या मोजणीतही ते पहिल्या पाचांत असतं.

ही वाढ कशी झाली हे समजून घेण्यासारखं आहे, कारण शिकारीचं मूळ तिथेच आहे.

वूड पिजनची वीण जवळजवळ वर्षभर चालते, पण जोर जुलै ते सप्टेंबर, म्हणजे गहू-बार्ली पिकण्याच्या हंगामात. घरटं म्हणजे काटक्यांची विरळ चटई, खालून पाहिलं तर अंडी दिसतील इतकी विरळ. अंडी दोन. सतरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि आई-बाप दोघंही त्यांना गळ्यातल्या थैलीत तयार होणारं दुधासारखं खाद्य भरवतात. पिल्लं उडाली की लगेच पुढची वीण. उन्हाळ्यात पाखरं उदंड होतात, मग हिवाळा त्यांची छाटणी करतो. पूर्वी थंडीत त्यांना मुख्यतः क्लोव्हरच्या पानांचा आधार असायचा. क्लोव्हर म्हणजे गुरांसाठी लावलेला तीन पानांचा चारा. जानेवारी-फेब्रुवारीत क्लोव्हर संपत यायचं आणि पाखरं उपासमारीने मरायची.

१९७३ साली ब्रिटन युरोपीय समुदायात गेला आणि तेलबियांना चांगला भाव मिळू लागला. दक्षिण आणि पूर्व इंग्लंडच्या शेतांत रेपसीड पसरलं. ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरतात, हिवाळाभर ते हिरवं असतं आणि मे महिन्यात सगळा मुलूख पिवळा करून टाकतं. हिवाळाभर हिरवं, हीच त्यातली मेख. ज्या महिन्यांत कबुतरं मरायची, त्याच महिन्यांत त्यांच्यासमोर शेकडो एकर हिरवं ताट वाढून ठेवल्यासारखं झालं.

रेपसीडच्या शेतात कबुतरांनी काय केलं आहे हे जवळून पाहिल्याशिवाय शेतकऱ्याची तडफड कळत नाही. पान असं उरतच नाही, उरतो फक्त त्याचा सांगाडा. मधली शीर आणि तिला फुटलेल्या दोन-चार जाड शिरा उभ्या असतात, मधला हिरवा भाग चोचीने फाडून नेलेला असतो. कोंब खाल्ला गेला की रोप मागे पडतं, शेजारची रोपं पुढे जातात, फुलं वेगवेगळ्या वेळी येतात आणि शेंगाही वेगवेगळ्या वेळी पिकतात. मग कापणी कधी करायची हा प्रश्न पडतो. आधी कापलं तर निम्मं कच्चं, थांबलं तर निम्म्या शेंगा तडकून दाणा मातीत. कबुतरं एका जागी दिवसेंदिवस चरत राहिली की शेताच्या मधोमध एकरभर तपकिरी टक्कल पडतं.

अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. २०१२ साली ब्रिटनमध्ये साडेसात लाख हेक्टरच्या आसपास रेपसीड होतं. बियाण्याला लावायच्या काही कीटकनाशकांवर २०१३ साली युरोपात निर्बंध आले, पिसू भुंग्याने रोपं उगवतानाच खायला सुरुवात केली, आणि २०२१ पर्यंत हे क्षेत्र तीन लाख हेक्टरच्या घरात आलं. शेतं निम्म्याहून कमी झाली, कबुतरं मात्र तेवढीच राहिली. ज्याने अजून हे पीक धरून ठेवलं आहे, त्याच्या शेतावर आजूबाजूच्या चार गावांची पाखरं उतरतात.

रेपसीडपुरतंच हे मर्यादित नाही. वसंतात पेरलेला वाटाणा आणि बार्ली ती वेचून खातात, कोवळ्या कोबीची पानं सोडत नाहीत. जुलैत वादळाने गहू किंवा बार्ली आडवी पडली की ताटापुढे पाट मांडल्यासारखी त्यावर बसून ओंब्या खातात. कापणी झाल्यावर धसकटांत सांडलेलं धान्य टिपतात. त्याचं कुणाला दुःख नसतं, पण शिकाऱ्याला मात्र तो चांगला हंगाम. शरदात ओकची फळं आणि बीचच्या बिया पिकल्या की पाखरं शेत सोडून रानात जातात आणि काही आठवडे शेतकऱ्याला उसंत मिळते.

पाखरं हाकायला आपल्याकडे ज्वारीच्या रानात माळा घालून, गोफण फिरवत, डबे बडवत पहाटेपासून बसायची पद्धत होती. इंग्लंडमध्येही एकेकाळी शेतकऱ्यांची पोरं लाकडी टाळ्या वाजवत शेतात फिरायची. आता ते काम गॅसवर चालणाऱ्या तोफा करतात. ठरावीक वेळाने धडाम आवाज होतो. जोडीला ससाण्याच्या आकाराचे पतंग, चमकणाऱ्या फिती, वाऱ्याने फुगून उभी राहणारी नायलॉनची माणसं, काही ठिकाणी लेझर. सगळ्यांचं दुखणं एकच. कबूतर दोन-चार दिवस घाबरतं आणि मग कळून चुकतं की त्या आवाजाने कुणी मरत नाही. तोफेपासून हाकेच्या अंतरावर निवांत चरणारा थवा इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी पुष्कळ वेळा पाहिला आहे. म्हणूनच आवाजाच्या जोडीला अधूनमधून खरी गोळी असावी लागते, नाहीतर बुजगावण्याचा धाकच उरत नाही, असं शेतकऱ्यांचं म्हणणं असतं.

शिकारी शेतात येतो तो इथे.

शिकारीची युक्ती पाखराच्या स्वभावावरच उभी आहे. वूड पिजन एकट्याने चरायला कचरतं. खाली मान घातली की आभाळातला ससाणा दिसत नाही, म्हणून त्याला सोबत हवी असते. पन्नास डोळे वर असले की आपले दोन डोळे खाली घालता येतात. आभाळातून जाणाऱ्या कबुतराला शेतात माना खाली घालून बसलेली आठ-दहा पाखरं दिसली, तर त्याचा अर्थ त्याच्या लेखी सरळ असतो: इथे खायला आहे आणि इथे धोका नाही. डिकॉय, म्हणजे भुलवणीचं नकली पाखरू, त्याला ह्या दोन गोष्टी खोट्या सांगतं.

भुलवणीची ही कल्पना काही इंग्रजांची एकट्याची नाही. पिंजऱ्यातल्या पाळीव तित्तराच्या हाकेवर रानातला तित्तर बोलावणं आपल्या मुलखातही जुनं आहे. फरक एवढाच की तित्तराला आवाजाने भुलवतात आणि कबुतराला डोळ्यांनी.

शिकारी आधी वारा बघतो. कबूतर उतरताना वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, त्यामुळे वारा कुठून आहे यावर सगळी मांडणी ठरते. बिनवाऱ्याचा दिवस सगळ्यात वाईट, पाखरं कुठूनही येतात आणि नकली पाखरंही मढ्यासारखी दिसतात. बऱ्यापैकी वारा पाठीशी असला की काम सोपं. मग कुंपणाच्या झुडपात तो आडोसा उभा करतो: चार-पाच काठ्या, त्यावर रानाच्या रंगाची जाळी, जाळीत खोचलेल्या आजूबाजूच्याच फांद्या. कबुतराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला मागचा थोडासा पट्टा सोडला तर सगळीकडचं दिसतं. उघडा चेहरा, घड्याळाची काच, जमिनीवर पडलेल्या काडतुसाचं पितळी बूड, यातलं काहीही चमकलं की पाखरू हवेतच वळतं. म्हणून चेहऱ्यावर जाळी, हातात मोजे, आणि उडवलेलं प्रत्येक काडतूस लगेच वेचून पिशवीत.

आडोशापासून वीस-पंचवीस मीटरवर नकली पाखरं मांडतात. बहुतेक जण घोड्याच्या नालासारखी मांडणी करतात आणि मधे मुद्दाम मोकळी जागा सोडतात. खरं पाखरू त्या मोकळ्या जागेत उतरायला बघतं, आणि ती जागा नेमकी बंदुकीच्या टप्प्यात असते. सगळी पाखरं एकाच दिशेला तोंड करून, दोरी लावल्यासारखी एका अंतराने ठेवली तर डाव फसतो. चरणारा थवा असा कधी बसत नाही. तोंडं साधारण वाऱ्याकडे, पण एखादं थोडं वळलेलं, दोघांमध्ये दीड-दोन मीटर अंतर, कुठे जवळ कुठे लांब. प्लॅस्टिकची पोकळ कवचं काडीवर खोचलेली असतात, ती वाऱ्याने डुलतात. त्यांच्यावर उन्हाचा तुकडा चमकू नये म्हणून चांगल्या डिकॉयना मखमलीसारखा लेप असतो. जुन्या शिकाऱ्यांचा प्लॅस्टिकवर फारसा विश्वास नाही. पहिली दोन-चार पाखरं पडली की ते ती उचलतात, अंगावरची पिसं नीट बसवतात, हनुवटीखाली काडी टेकवून मान सावरतात आणि कवचांच्या जागी खरी पाखरं मांडत जातात. दुपारपर्यंत सगळा थवा मेलेल्या पाखरांचा होतो. उताणं पडलेलं, पांढुरकं पोट वर आलेलं पाखरू मात्र लगेच जाऊन सरळ करावं लागतं. ते दिसलं की आलेली पाखरं बिथरतात.

हालचाल हवी म्हणून यंत्रं आली. वाऱ्यावर पंख वर-खाली करणारी लवचीक काठी असते आणि सगळ्यात जास्त चालतो तो बॅटरीवर फिरणारा ‘मॅग्नेट’: जमिनीत रोवलेल्या खांबावर दोन लांब हात, प्रत्येक हाताच्या टोकाला पंख पसरून बांधलेलं एकेक मेलेलं कबूतर. ते गोल फिरतं तेव्हा पंखांवरचा पांढरा पट्टा लुकलुकतो आणि अर्ध्या मैलावरून जाणाऱ्या पाखराला वाटतं की तिथे कुणीतरी आत्ताच उतरतंय. गंमत अशी की हाच पांढरा पट्टा चुकीच्या वेळी दिसला तर धोक्याची खूण ठरतो. चरणारा थवा एकदम उठला की शंभर पट्टे एकदम चमकतात, आणि आजूबाजूची पाखरं त्या चमकेवरच उठतात. सरकारी शास्त्रज्ञ इंग्लिस आणि आयझॅकसन यांनी १९८४ साली वेगवेगळ्या मुद्रांतल्या नकली कबुतरांवर प्रयोग करून शोधनिबंध लिहिला, तो पाखरं बोलावण्यासाठी नव्हे तर हाकलण्यासाठी. शिकाऱ्याला बोलावणारं सोंग हवं होतं आणि त्यांना भेडसावणारं, पण सोंग त्याच पाखराचं.

पहिलं पाखरू लांबच्या कुंपणावरून येतं. कबुतरांचेही रस्ते असतात. दरी, नदी, कुंपण, विजेच्या तारा, दोन वनराईंमधली फट यांच्या कडेने ती रोज ये-जा करतात. आदल्या दिवशी गाडीत बसून शिकाऱ्याने हेच तर पाहिलेलं असतं. पाखरू थव्याकडे बघतं, एक गिरकी घेतं, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातं आणि पंख स्थिर ठेवून तरंगत येतं. पाय खाली येतात, शेपूट पसरते. त्या क्षणी शिकारी उठतो. बारा बोअरची बंदूक, काडतुसात साधारण ३० ग्रॅम बारीक छर्रे. वेग आणि अंतर ओळखून नळी पाखराच्या पुढे न्यावी लागते, नाहीतर छर्रे मागून जातात. पस्तीस-चाळीस मीटरपलीकडे पाखरू जखमी होण्याची भीती जास्त, म्हणून नीट माणसं तिथे बंदूक उचलतच नाहीत. यंदाची पिल्लं भोळी असतात, सरळ येतात. मानेवर पांढरा ठिपका असलेलं जुनं पाखरू दोन गिरक्या घेतं आणि काहीतरी खटकलं की निघून जातं.

हेच वूड पिजन युरोपच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या पद्धतीने भुलवलं जातं आणि ती रीत पाहिली की कबूतर माणसाला किती काळापासून ओळखीचं आहे ते लक्षात येतं. ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडची लाखो कबुतरं पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनकडे जातात. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लोक झाडांच्या शेंड्यांवर माचाणं बांधतात, त्यांना जोडून बोगद्यासारख्या झाकलेल्या वाटा करतात आणि फांद्यांवर जिवंत पाळीव कबुतरं ठेवतात. वरून थवा जाताना माचाणातला माणूस दोरी ओढतो, पाळीव कबूतर तोल सावरायला पंख फडफडवतं आणि थवा खाली वळतो. सुट्ट्या काढून, दुकानं बंद ठेवून माणसं महिनाभर त्या माचाणांवर राहतात. तिकडच्या लोकांनी या वेडाला ‘निळा आजार’ असं नावच देऊन ठेवलं आहे. स्पेनच्या नवारा प्रांतातल्या एचालार गावाची तऱ्हा आणखी निराळी. खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांवरून माणसं लाकडाच्या पांढऱ्या फळ्या हवेत भिरकावतात. थव्याला वाटतं ससाणा झडप घालतोय. तो जमिनीलगत येतो आणि खिंडीत ताणून ठेवलेल्या जाळ्यांत शिरतो. इथे भुलवायला सोबती नाही, शत्रूच खोटा करतात. ही पद्धत शतकानुशतकं चालत आली आहे.

आता मूळ प्रश्न. एवढं करून उपयोग होतो का?

रॉनल्ड मर्टन नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाने या प्रश्नावर वर्षानुवर्षं घालवली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये धान्य वाचवायचं म्हणून सरकार कबुतरं मारणाऱ्यांना निम्म्या किमतीत काडतुसं देत होतं. फेब्रुवारीत इतर पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम संपला की गावोगावचे लोक ठरवून एकाच दिवशी रानांत उभे राहायचे आणि झाडांवर मुक्कामाला येणारी कबुतरं पाडायचे. मर्टन आणि त्यांचे सहकारी केंब्रिजशायरमधल्या कार्लटन गावाच्या परिसरात कबुतरं मोजत, त्यांच्या पायात कड्या घालत, पडलेल्या पाखरांच्या गळ्यातल्या थैल्या उघडून काय खाल्लं ते बघत राहिले. त्यांना दिसलं ते असं: हिवाळ्याच्या शेवटी किती कबुतरं उरणार हे शेतातल्या क्लोव्हरवर ठरतं. बंदुकीने जी मारली ती बहुतांशी नाहीतरी भुकेने मरणारच होती. ती मेल्याने उरलेल्यांच्या वाट्याला चारा जास्त आला आणि ती जगली. थव्याच्या पुढच्या अंगाला असणारी दुबळी पाखरं इकडेतिकडे बघण्यातच वेळ घालवतात, कमी खातात आणि उपाशी राहतात, हेही त्यांनी नोंदवलं. म्हणजे मरणारी कोण हे आधीच ठरलेलं असतं. हे निष्कर्ष पुढे आल्यावर स्वस्त काडतुसांची योजना बंद झाली. १९७४ साली मर्टन आणि सहकाऱ्यांनी या सगळ्याचा सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि आजही शिकारीचा हिशेब मांडताना त्याचा दाखला दिला जातो.

हे वाचून शिकारीला विरोध करणारे म्हणतात, मग मारता कशाला? प्रश्न रास्त आहे. पण मर्टन यांनी मोजली ती साऱ्या परिसरातली संख्या, आणि शेतकऱ्याला हवा असतो तो त्याचा एक चौकोन. मार्चमधल्या तीन आठवड्यांत पाखरं आपल्या शेतावरून उठून दुसरीकडे गेली तर त्याचं पीक वाचतं, भले देशातली कबुतरं तेवढीच राहोत. डिकॉय लावून बसलेला माणूस पाखरांची संख्या घटवत नाही, तो एका शेताला काही दिवस धोक्याचं करून ठेवतो. एवढाच दावा केला तर तो प्रामाणिक आहे. त्याहून मोठा दावा टिकत नाही.

आणि ‘कितीही मारा, संपत नाहीत’ हेही प्रत्येक कबुतराला लागू नाही. उत्तर अमेरिकेतलं पॅसेंजर पिजन एकोणिसाव्या शतकात कोट्यवधींच्या थव्यांनी आभाळ झाकायचं. त्यांना पकडायलाही भुलवणीचं कबूतर वापरत, त्याच्या पापण्या शिवून त्याला तिवईवर बांधत आणि वर-खाली झुलवत. शेवटचं पॅसेंजर पिजन, मार्था नावाची मादी, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. ते पाखरू एका वेळी एकच अंडं घालायचं आणि प्रचंड वसाहती करून एकत्र वीण घालायचं. वसाहतच लुटली की पिढी गेली. वूड पिजन वर्षात अनेकदा दोन-दोन अंडी घालतं, प्रत्येक जोडी वेगळ्या झुडपात, आणि माणसाने पेरलेल्या शेतावर जगतं. म्हणून ते तगून आहे. त्याच्या सह्याद्रीतल्या नातलगाकडे असं शेत नाही.

कायद्याने या शिकारीला नेमकं काय म्हणायचं हा वाद २०१९ साली कोर्टापर्यंत गेला. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने सर्वच रानटी पाखरांना संरक्षण आहे. काही जातींच्या बाबतीत सरकार एक सर्वसाधारण परवाना काढतं आणि अटी पाळणारा कुणीही त्याच्या आधारावर बंदूक चालवू शकतो, वेगळा अर्ज करावा लागत नाही. पण परवाना पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी आहे, मौजेसाठी नाही. वाइल्ड जस्टिस या संस्थेने, म्हणजे ख्रिस पॅकम, मार्क एव्हरी आणि रूथ टिंगे या तिघांनी, परवाने देण्याची पद्धतच बेकायदा असल्याचं सांगत सरकारी खात्याला आव्हान दिलं. एप्रिल २०१९ च्या अखेरीस इंग्लंडमधले तीन परवाने एका फटक्यात रद्द झाले, तेही ऐन पेरणीच्या दिवसांत. शेतकरी खवळले. पॅकम यांच्या घराच्या फाटकाला कुणीतरी मेलेले कावळे टांगले. तेव्हाचे पर्यावरणमंत्री मायकेल गोव्ह यांनी विषय स्वतःच्या हातात घेतला आणि जून महिन्यात नवे परवाने निघाले. आजच्या परवान्यात आधी हाकलण्याचे इतर उपाय करून बघण्याची अट स्पष्ट लिहिलेली आहे. ही अट योग्यच आहे. ती पाळणाऱ्याला तिचा त्रास नाही, आणि जो नुसत्या हौसेसाठी शंभर-दोनशे पाखरं पाडतो त्याला ती अडवते. त्यातच कबुतरासारखंच दिसणारं, पण लहान आणि मानेवर पांढरं नसलेलं स्टॉक डव्ह संरक्षित आहे. संध्याकाळच्या अंधुक उजेडात ते ओळखता येत नसेल तर बंदूक खाली ठेवायला हवी.

छर्ऱ्यांचाही प्रश्न उभा आहे. पारंपरिक छर्रे शिशाचे. पाणथळीत पडलेलं शिसं पाणपक्षी खड्यासारखं गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून इंग्लंडमध्ये पाणथळ जागी शिसं वापरायला १९९९ पासून बंदी आहे. २०२० मध्ये शिकारीशी संबंधित नऊ संघटनांनी शिसं पाच वर्षांत स्वतःहून सोडायचं जाहीर केलं, आणि २०२५ मध्ये सरकारने बंदीचा निर्णय जाहीर केला. शेतात दर वर्षी पडणाऱ्या शिशाचा आणि पाखराच्या मांसात उरणाऱ्या कणांचा विचार करता हे आधीच व्हायला हवं होतं.

मांस हा शेवटचा मुद्दा, आणि शिकाऱ्याची नियत तिथेच कळते. वूड पिजनच्या छातीचं मांस गडद लाल, चरबी कमी. युद्धकाळात इतर मांस रेशनवर मिळायचं तेव्हा कबुतराचं मांस भरून भाजलेल्या ‘पाय’ नावाच्या पदार्थाने अनेक घरं सांभाळली. आर्ची कोट्स यांच्या पत्नी प्रू कोट्स यांनी शिकारीच्या मांसाच्या पाककृतींची पुस्तकं लिहिली. घरात रोज येणाऱ्या पाखरांचं करायचं काय, या गरजेतूनच ती आली असणार. आज पाखरं व्यापाऱ्याकडे जातात, भाव फार नसतो. मोठ्या शिकारीत पाखरं पडून वाया जातात तेव्हा त्या मरण्याला पिकाचं कारणही पुरेसं वाटत नाही.

शेतावरून आल्यावर शिकारी पाखरं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडतो. छातीवरची पिसं बाजूला करून पातळ कातडीला चिरा देतो, आणि सुरी थोडी वर गेली की गळ्यातली थैली उघडते. फेब्रुवारीत तिच्यातून ओल्या, घट्ट दाबलेल्या पानांचा गोळा बाहेर पडतो, लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा. जूनमध्ये वाटाणे, ऑगस्टमध्ये गव्हाचे दाणे, ऑक्टोबरमध्ये ओकची अखंड फळं. जाणता शिकारी तो गोळा बोटांनी पसरून बघतो. रेपसीडचं पान जाड, निळसर हिरवं असतं, क्लोव्हरचं बारीक, तीन पाकळ्यांचं. वीस पाखरांपैकी चौदांच्या थैलीत क्लोव्हर निघालं तर ती पाखरं या शेतावर चरायला आलीच नव्हती, वरून जाताना डिकॉय बघून वळली होती. मग तो रात्रीच शेतकऱ्याला फोन करतो आणि पाखरं नेमकी कुठल्या शेतावर बसतात ते शोधायला सकाळी पुन्हा दुर्बीण घेऊन निघतो.